काकाने न चाखलेला पाव

माझा काका बेकरीवाला. हाताला पीठ लागलेलं नसलं की त्याला चैन पडायचं नाही. पाहुणा म्हणून कुठे गेला तरी थोड्याच वेळात स्वयंपाकघरात शिरायचा आणि त्या घरच्या बाईच्या हातातली परात ओढून घ्यायचा. बायका वैतागायच्या, पण कणीक अशी मळून द्यायचा की बोलायची सोय नाही.

चर्चमध्ये प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळे मिळून खातात तो प्रभुभोजनाचा पाव मात्र तो बेकरीत करत नसे. त्यासाठी शनिवारी दुपारी घरचा ओटा धुवून घ्यायचा आणि वजनकाटा, यंत्र काही न वापरता हातानेच पीठ मळायचा. इतकं निगुतीने करायचं, आणि रविवारी तो घ्यायला सगळे उठून पुढे गेले की हा पठ्ठ्या खाली मान घालून बाकावर बसून राहायचा. त्या पावाचा कणही त्याने कधी तोंडात घातला नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. मी शाळेत होते तेव्हा काकू तिच्या आजारी आईची सेवा करायला माहेरी गेली होती, आणि काका बेकरी बंद केल्यावर दुसऱ्याच एका बाईच्या घरी जायला लागला. काकू परत आल्यावर तिला कळलं. घर डोक्यावर घेतलं नाही तिने, पण कितीतरी दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. काका रडला, तो नाद कायमचा सोडला, चर्चच्या पाळकसाहेबांपुढे कबुली दिली. पुढे काकूने माफ केलं. आणि काकूचं माफ करणं म्हणजे खरंच माफ करणं. भांडणातसुद्धा तो विषय तिने पुन्हा उकरून काढला नाही. मी असते तर रोज काढला असता.

पण काका काही केल्या स्वतःला सोडेना. पाळकसाहेब म्हणायचे, "अहो, क्षमा मागितलीत, मिळाली. आता या ना पुढे." हा म्हणायचा, "मला करायला देताय हेच पुष्कळ. खायची माझी लायकी नाही." ऐकून माझं डोकं फिरायचं. देवाने सोडून दिलं, बायकोने सोडून दिलं, आणि हा आपला स्वतःच न्यायाधीश होऊन बसलेला. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

मग काकूचे गुडघे गेले. आमच्याकडे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून प्रभुभोजन घेतात. "तुम्हाला बाकावर आणून देतो," असं पाळकसाहेबांनी सांगितलं, पण ऐकेल ती काकू कसली! "मला धरून न्या," ती काकाला म्हणाली. मी नेते म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी बाजूला सरकले.

काकाने तिला धरून पुढे नेलं. तिला एकटीला टेकता येईना, तेव्हा त्यालाही शेजारी टेकावं लागलं. मी त्यांच्या बाजूलाच होते. पाळकसाहेबांनी काकूच्या हातावर पावाचा तुकडा ठेवला आणि काकापुढे येऊन थांबले. काकाने दोन्ही हातांनी काकूचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"मला नको," तो पुटपुटला.

"अहो, हात पुढे करा," काकू हळूच म्हणाली. "तुम्ही घेतल्याशिवाय मी उठायची नाही, आणि माझे गुडघे आत्ताच ठणकायला लागलेत."

"अगं, मी काय केलंय ते ठाऊक आहे ना तुला?"

"मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? माझ्याहून जास्त ठाऊक आहे ते त्याला. आणि त्यानेच बोलावलंय."

मागे माणसं खोळंबली होती. एरवी उपासना जरा लांबली तरी कुरकुरणारी आमची मंडळी, पण त्या दिवशी कुणी खाकरलंसुद्धा नाही.

काकाने एक हात सोडवला आणि पुढे केला. पाळकसाहेबांनी तुकडा ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली. काकाने तो तोंडात घातला. चावता चावता थांबला, आणि डोळ्यांतून पाणी गळत असतानाच काकूकडे वळून म्हणाला, "अगं, हा अळणी झालाय."

"नेहमीच असतो," काकू म्हणाली.

हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. बेकरीत मीठ मोजून पडायचं. घरी सगळा अंदाजाचा कारभार, आणि चाखायचं तर नावच नाही. वर्षानुवर्षं आम्ही सगळे तो अळणी पाव खात आलो होतो.

"कुणी सांगितलं का नाही मला?"

"तुम्ही एवढ्या मनापासून करत होतात. कोण सांगणार? आता उठवा मला."

उपासनेच्या शेवटी आमच्याकडे ज्याला वाटेल तो उठून आभाराची प्रार्थना करतो. नेहमीचीच दोनचार माणसं उठतात, आणि एक आजोबा तर एकदा सुरू झाले की आवरत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या आधी काका उठला. चर्चमध्ये त्याला मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. समोरच्या बाकाची पाठ धरून तो उभा राहिला.

"देवा, मी काय केलं ते तुला माहीत आहे. मला वाटायचं, लायक झालो की येईन. मरेपर्यंत झालो नसतो. तरी तू मला तुझ्या मेजावर घेतलंस, माझ्या बायकोच्या शेजारी. तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. आभार, देवा."

आमेन म्हणायचं आम्ही विसरूनच गेलो. काकूने एकटीनेच म्हटलं, आणि बाही धरून त्याला खाली बसवलं.