जमीन सुनेची, अंगठा माझा

त्यांनी माझा हात धरला, अंगठा वेगळा काढला आणि शाईच्या पॅडवर दाबला. मला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यावरून मुलाला म्हणाले, "सुनील, मावशींचा अंगठाच घेऊ. सहीच्या भानगडीत नको पडायला."

खोलीत दहा-बारा माणसं. सगळी मराठी, सगळी शिकलेली. अमेरिकेत, फ्रिस्को गावातलं मोठं घर, शनिवारची दुपार, हातात चहा. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

हात धरणारे पुण्याचे. तिकडे वकिली केलेली, इथे कॉम्प्युटरमध्ये. नोटरीचा शिक्का होता त्यांच्याकडे, म्हणून सगळे वकीलकाका म्हणत. समोर इंग्रजी कागद. माझं नागपूरचं घर विकायचा अधिकार मी मुलाला देते, असं त्यात लिहिलंय म्हणाले. दोन खोल्यांचं घर. नवरा गेल्यावर मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटून बांधलेलं. माझ्या एकटीच्या नावावर.

साल २००२. सुनीलची नोकरी गेली होती, आणि नोकरी गेली की तिथे राहायचा परवानाही जातो. माझी सून थायलंडची. नोक तिचं नाव. तिच्या गावी जायचं, माझं घर विकून जमीन घ्यायची, तिने खाणावळ काढायची, असं दोघांचं ठरलं होतं.

चहाच्या वेळी सगळ्यांनी सुनीलला खोदून खोदून विचारलं होतं. त्याने सरळ सांगितलं. परक्या माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. बायको थाई असली तरी नाही. जमीन तिच्याच नावावर होते. वर नवऱ्याने जमिनीच्या कचेरीत लिहून द्यायचं, की पैसा सगळा बायकोचा, माझा यात हक्क नाही. कामाचंही तसंच. परमिट नसेल तर बायकोच्या खाणावळीतही हात लावायचा नाही.

"म्हणजे ताट उचललं तरी गुन्हा?"

"पकडलं तर."

"अरे यार, हा तर घरजावई व्हिसा झाला!"

सगळे हसले. एक बाई माझ्या कानाशी लागली. "मावशी, सांभाळा हो. या बायका गोड बोलून सगळं लिहून घेतात."

मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं. आल्यापासून सुनेवर नजर ठेवून होते. फोनवर कुणाशी बोलते, किती वेळ बोलते. एकदा तिची पर्सही उघडून बघितली. काही सापडलं नाही, तर संशय वाढलाच.

तरी अंगठा देणार होते. मुलगा म्हणाला म्हणून.

अंगठा शाईला टेकला आणि मागून आवाज आला, "आई, नको!"

नोक. तिला मराठीचे चारच शब्द येत. आई, जेव, बस, नको. नको हा माझ्याकडून शिकलेला, ताटावर बसून.

मी हात ओढून घेतला. पहिला विचार आला, ही का अडवते? जमीन तर हिलाच मिळणार. यातही काही डाव असेल.

"काय म्हणते ती?" मी सुनीलला विचारलं.

ती इंग्रजीत भरभर बोलली. सुनीलने खाली बघत सांगितलं. "आई, ती म्हणते, आमच्याकडे जमिनीच्या कचेरीत साहेब परक्या नवऱ्याला समोर बसवतो. काय लिहून देतोस ते कळलं का, विचारतो. मग तो स्वतः सही करतो. तुझ्या आईला तर कुणी विचारलंच नाही."

वकीलकाका हसले. "मावशींना काय विचारायचं? कागद इंग्रजीत आहे."

तेव्हा मला माझे भाऊ दिसले. बाप गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची. हक्कसोड करायला कचेरीत नेलं. लुगडं-चोळी दिली. कारकुनाने असाच अंगठा धरला. मला सही येत होती. बोलले नाही. साऱ्या गावाला ते बरोबर वाटलं. बहिणीने हक्क सोडला, त्यात हसण्यासारखं काय? थायलंडात पुरुषाला तेच लिहून द्यावं लागतं, तर इथे खोली हसते.

"मी चौथी पास आहे," मी म्हटलं. "कागद मराठीत सांगा. एकेक ओळ."

"मावशी, वेळ कुठाय?"

"मग घरही नाही."

ते चिडून सांगू लागले. पाचव्या-सहाव्या ओळीला थांबले. मी म्हटलं, पुढे. हा अधिकार नंतर परत घेता येणार नाही, असं होतं.

"सुनील, तुला माहीत होतं?"

तो कपात बघत राहिला. मला उत्तर मिळालं.

मी उठले, मोरीवर अंगठा घासला. शाई गेली नाही. नोक लिंबाची फोड घेऊन आली. मी तिच्या हातून घेतली, पण हात तिच्या हातात दिला नाही.

ते दोघं तिकडे गेले. तिच्या आईच्या अंगणात खाणावळ काढली म्हणतात. मी नागपूरला परतले. सुनेवर माझा अजून पुरता विश्वास नाही. मुलावर त्याहून कमी. मागच्या वर्षी त्याने टपालाने दुसरा कागद पाठवला. मी शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घेतला, एकेक ओळ. खाली नकार लिहिला, सही केली, परत पाठवला.

माझा अंगठा दोनदा धरला. एकदा भावांसाठी, एकदा फ्रिस्कोत. आता कुणाला मिळणार नाही. घर माझ्या नावावर आहे. जिचा अंगठा धरला ती बाई मीच, आणि हे माझ्या हाताने लिहिलं आहे.