कंपाउंडर भाऊंचा लटारू

कंपाउंडर भाऊ न समजलेली गोष्ट इतक्या ठामपणे सांगायचे, की ज्याला ती समजली असेल त्यालाच वाटावं, आपलंच काही चुकत असेल. मी त्यातलीच एक. शहापूरच्या शाळेतून मॅट्रिक होऊन एकोडीला सून म्हणून आले तेव्हा गावातल्या बायकांमध्ये थोडंफार इंग्रजी शिकलेली मी एकटीच होते. तरीही भाऊंनी सांगितलेला इंग्रजी सिनेमा मी बारा-तेरा वर्षं मुकाट ऐकला, आणि त्यातला शब्दही खोटा मानायला माझं मन तयार झालं नाही.

ते ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. उंच, किडकिडीत, पायजम्यावर खाकी कोट. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, एरवी सगळा कारभार यांच्याकडे. बाटल्यांवरची इंग्रजी नावं ते घडाघडा वाचत, म्हणून त्यांना इंग्रजी येतं हे गावानं धरूनच चाललं होतं. त्यांची आणखी एक खोड होती. औषध देण्याआधी ते बैलाच्या तोंडाकडे बराच वेळ बघत आणि मग मालकाला सांगत, "याचं म्हननं असं आहे का, मले त्या धुऱ्याकडच्या बाजूनं नोको जुंपू, खांदा दुखते." मालक खरोखरच बाजू बदलायचा. मुक्या जनावराची बाजू मांडणारा माणूस घरात वडीलधारा असावा तसा त्यांचा मान होता.

आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. पाहुणेरावळे येतात, लेकी माहेरी येतात, दंडारीचा नाच-तमाशा होतो, नाटक होतं. त्याच सुमाराला टुरिंग टॉकीजचा तंबू यायचा. तंबूच्या सेठकडे हिंदी सिनेमे थोडे आणि जुने. त्यात कुठून तरी स्वस्तात मिळालेला एक इंग्रजी सिनेमा होता, तीन भागांचा. आभाळातून जाणारी विमानं, दुसऱ्या ताऱ्यावरची माणसं आणि एक लोखंडी माणूस. पहिल्या दिवशी लोकांनी दहा मिनिटं कळ काढली, मग पुरुषांकडून ओरडा सुरू झाला, "काय म्हनून राहिला गा तो?" सेठ घाबरला. कोणीतरी भाऊंना पुढे ढकललं. तिकिटं पुकारायचा माइक त्यांच्या हातात आला, सेठनं सिनेमाचा आवाज बारीक केला, आणि तिथून पुढे दर साली भाऊ पडद्याशेजारी स्टुलावर बसून सिनेमा सांगू लागले.

त्यांच्या सांगण्यात त्या ताऱ्यावर एक म्हातारा मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, होता. त्याचे सारे तलाव आटले होते. म्हणून तो लेक, जावई आणि लोखंडी सालदार गडी घेऊन पाणी शोधायला निघाला होता. सालदाराचं नाव लटारू. हे नाव सिनेमात कुठे असणार! पण तो लोखंडी माणूस मान वाकडी करून असा उभा राहायचा, की भाऊंनी एकदा लटारू म्हटल्यावर त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. पाण्यासाठी निघालेल्या माणसांची गोष्ट आम्हा तलावांच्या मुलखातल्या लोकांना कोणी वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती. सिनेमाचं खरं नाव कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. 'लटारूचा शिनेमा' हेच नाव पडलं.

मी पहिल्या साली मन लावून इंग्रजी ऐकलं. 'वॉटर' हा शब्द मला चांगला येत होता. अख्ख्या सिनेमात तो काही कानावर पडला नाही. पण मग एक जागा आली. ती पोरगी, मालगुजाराची लेक, एकटी उभी आहे, लटारू तिच्याजवळ येतो, हळूच वाकतो आणि लोखंडी हात पुढे करतो. भाऊंचा आवाज उतरला. "लटारू म्हनते का बाई, रडू नोका. तुमचं घर किती दूर असन ते असन, मी तुमाले माहेराले नेऊन सोडतो." तंबूतल्या मधल्या दोरीच्या अलीकडे बायकांच्या बाजूला एकदम नाकं ओढल्याचे आवाज झाले. मी तेव्हा लग्न होऊन आलेली, शहापूर सुटलेलं. मीही पदर तोंडाला लावला आणि 'वॉटर' विसरले ते कायमचं.

एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊ, एवढं भराभर बोलतात ते, तुम्हाला कळतं कसं?" ते म्हणाले, "वहिनी, इंग्रजी कानानं नाही ऐका लागत. डोळ्यानं ऐका लागते. मानूस कोनत्याबी भाषेत रडला तरी रडूनच राहते ना?"

लटारू तंबूबरोबर निघून जात नसे, तो गावात राहायचा. भाताचा रोवणा लागला की चिखलात वाकलेल्या बायका त्याच्याबद्दल बोलायच्या. सिनेमातला जावई चांगला की लबाड, यावर माझ्या सासूबाई आणि त्यांच्या जावेचं दोन सालं बोलणं बंद होतं. कोणी गडी न कुरकुरता काम करत असला तर त्याला 'लटारू आहे बिचारा' म्हणायचे. लोखंडाच्या माणसाला इतकी माया कोण्या गावानं लावली असेल असं मला वाटत नाही.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. गावातला सुधाकर भंडाऱ्याला कॉलेजात होता. तो सुट्टीत सायकल दामटत आला आणि दवाखान्यासमोर ओरडला, "कंपाउंडर भाऊ! लटारू पुन्हा आला! तोच शिनेमा पहिल्यापासून नवा काढला. रंगीत! अन् हिंदीत बोलते!" गावात सण असल्यासारखं झालं. सगळ्यांत जास्त आनंद भाऊंना. ते मला म्हणाले, "बरं झालं वहिनी. आता मले बोला लागनार नाही. मीबी एकडाव पान खात खात शिनेमा पाहीन."

दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आम्ही भंडाऱ्याला निघालो. बायकांनी मुरमुऱ्यांच्या पुरचुंड्या घेतल्या. भाऊंनी कोट धुऊन इस्त्री केला होता. वैनगंगेचा पूल आला तेव्हा सासूबाईंनी नदीला हात जोडले आणि म्हणाल्या, "माय, मालगुजाराले यंदा तरी पानी भेटू दे." सगळे हसले, भाऊही हसले.

दुपारचा खेळ होता. पडदा उजळला आणि रंग बघून आमचे डोळे दिपले. विमानं अशी घुमायची की खुर्ची हादरायची. पोरं शिट्ट्या मारत होती. मग माणसं बोलू लागली. हिंदी आमच्याकडे साऱ्यांनाच कळते. तिथेच घात झाला. मालगुजार मालगुजार नव्हताच. तो सेनापती होता आणि दुसऱ्याचा तारा जिंकायला निघाला होता. पाण्याचं नाव नाही. पोरगी त्याची लेक नव्हे, शत्रूकडची हेर. लटारूला तर नावच नव्हतं, नुसता नंबर. आम्ही सगळे त्या एका जागेची वाट बघत होतो. ती आली. पोरगी एकटी उभी, लोखंडी माणूस जवळ आला, तस्साच वाकला, तस्साच हात पुढे केला आणि खरखरीत आवाजात म्हणाला, "तुम गिरफ़्तार हो."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुढच्या रांगेतून एक म्हातारा उठून दरवाजावरच्या माणसाला म्हणाला, "आवाज कमी करा जी, अन् आमच्या भाऊले माइक द्या." थेटरातले शहरी लोक फिदीफिदी हसले. मी मागे वळून भाऊंकडे पाहिलं. पान त्यांच्या हातातच होतं.

परतताना ट्रॉलीत जे भांडण जुंपलं त्याला तोड नव्हती. पोरं खूश होती: काय रंग, काय आवाज, जुन्यात काय होतं! म्हातारे म्हणत होते, नव्यानं काढणाऱ्यानं वाट लावली, सोन्यासारख्या माणसाला शिपाई करून टाकलं. सासूबाईंचं मत सगळ्यांहून वेगळं. "त्या हिंदीवाल्याले इंग्रजी येत नसन," त्या म्हणाल्या. "आमचावाला लटारू असा बोलनारच नाही." बायकांनी माना हलवल्या. हे तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं!

पण सुधाकर शिकलेला होता आणि त्या वयात खरं बोलल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणाला, "काकू, जुन्यातबी हेच होतं. मी नागपूरले पाह्यला तो, इंग्रजी येनाऱ्या दोस्तासंगं. पानी नव्हतं, माहेर नव्हतं, काहीच नव्हतं." मग भाऊंकडे वळून, अगदी आदरानं, त्यानं विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तुमाले इंग्रजी येते का?"

भाऊ रस्त्याकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "येते असं वाटत होतं बाप्पा."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गायीचं औषध आणायला गेले तेव्हा ते आपणहून बोलले. "वहिनी, मी लोकाले फसवलं नाही. मले तसंच ऐकू येत होतं." त्यांचा चेहरा पाहून मला भडभडून आलं. इतकी वर्षं एवढ्या गर्दीत सगळ्यांत जास्त विश्वास ठेवून ती गोष्ट ऐकणारा माणूस तेच होते, हे मला त्या दिवशी कळलं.

गाव वाईट नव्हतं, पण गावाची जीभ वाईट. कोणी बाटली हातात घेऊन विचारी, "नाव बरोबर वाचलं ना भाऊ? नाहीतर बैल माहेराले जायचा!" हसून विचारत, पण विचारत. हळूहळू भाऊंनी बैलाचं म्हणणं सांगणंही बंद केलं. औषध द्यायचं, किती वेळा पाजायचं ते सांगायचं, संपलं. त्या मंडईला सेठ स्वतः घरी येऊन त्यांच्या विनवण्या करून गेला. "आता पडद्यालेच बोलू द्या सेठ," एवढंच ते म्हणाले. पुढच्या साली त्यांनी पवनीकडे बदली मागून घेतली. निरोपाला दवाखान्यासमोर बरीच माणसं जमली होती. चहा झाला, हार झाला, आणि सगळे पावसापाण्याचं बोलत राहिले. लटारूचं नाव कोणीच काढलं नाही. मला आजही त्या चहाची आठवण झाली की जीव कासावीस होतो.

ते गेल्यावर तंबू एकदाच आला. गावात व्हिडिओ आला होता, सेठचा धंदा बसला होता. त्यानं जुना तिसरा भाग लावला. पडदा इंग्रजीत बडबडत होता, पोरं कंटाळून शेंगा फोडत होती. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "मालगुजार म्हनते का, अजून एक तारा पाहू, मंग वापस जाऊ." सासूबाई होत्या. माइक नाही, काही नाही, बसल्या जागेवरून. पलीकडून त्यांच्या जावेनं जावयाचं बोलणं उचललं. मग जिला जे आठवेल ते ती सांगू लागली. पुरुषांच्या बाजूची कुजबुज थांबली. या भागाच्या शेवटी सगळे विमानात बसून जातात आणि लटारू त्या कोरड्या ताऱ्यावर एकटाच मागे राहतो. भाऊ दर वेळी तिथे गप्प व्हायचे. सासूबाई गप्प झाल्या नाहीत. पडदा काळा पडल्यावर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अन् मंग लटारूबी घरी आला वं!" तंबूत टाळ्या पडल्या. सेठ डोळे पुसत होता, पण तो त्याच्या धंद्यासाठीही असेल.

हे सगळं मी भाऊंना सांगितलं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी, भंडाऱ्याच्या बसस्टँडवर. मी शहापूरहून परतत होते, ते पवनीच्या बसची वाट बघत बाकावर बसले होते. निवृत्त झाले होते, फार थकले होते. मी सांगत गेले, ते मान खाली घालून ऐकत गेले. सासूबाईंचं शेवटचं वाक्य आल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"घरी आनला?"

"हो. आपल्याच मनानं."

"बरं केलं," ते म्हणाले. "मलेबी त्याले घरी आनायचं होतं वहिनी. दर साली वाटे, यंदा तरी आनू. पन पडद्यावर तो येतच नव्हता. जे दिसत नाही ते लोकाले कसं सांगू?"

या माणसाला आम्ही बाटलीवरचं नाव बरोबर वाचलं का म्हणून विचारलं होतं.

त्यांची बस लागली. मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. ते बसले, आणि बस सुरू झाल्यावर खिडकीबाहेर तोंड काढून म्हणाले, "पायी आला असन तो. लोखंडाचा मानूस, चिखलात पाय रुतत असन. वेळ लागला असन त्याले." तोच जुना आवाज होता, तंबूतला. पुढचं काहीतरी ते सांगत होते, पण बस वळली आणि मला ऐकू आलं नाही. त्याच सालच्या उन्हाळ्यात भाऊ गेले.