सोळावी पाकळी

माणिकराव तांबटानं अख्ख्या सोनपेठच्या लेकीबाळींची नावं रुखवताच्या भांड्यांवर घातली, पण स्वतःच्या बायकोचं नाव कधी साध्या वाटीवर घातलं नाही. आता काय म्हणावं या माणसाला!

तीस वर्षांमागं निजामाच्या काळातल्या जुन्या कचेरीच्या घुमटावर तांब्याचं कमळ नव्यानं बसवायचं काम त्याला मिळालं, आणि नेमका तेव्हाच त्याचा उजवा हात मोडला. मग त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, अंगणात बसून सोळाच्या सोळा पाकळ्या ठोकल्या. बाई डावखुरी, त्यामुळं तिचे ठोके उलट्या बाजूला कललेले. माणिकरावानं नंतर पाकळ्यांच्या पाठीवर आपलं नाव घातलं, शाल-नारळ घेतला. तीही कधी काही बोलली नाही.

यंदा चैत्रात ती गेली. दिवाळीनंतर कचेरीची दुरुस्ती निघाली. वानरांनी उड्या मारमारून पाकळ्या पार चेपवल्या होत्या. नीलम नावाच्या इंजिनीअरबाईंनी त्या उतरवून माणिकरावाच्या अंगणात आणून टाकल्या. जुनं तांबं भट्टीत लाल करायचं आणि मऊ झालं की पुन्हा ठोकायचं. म्हणजे आधीचे ठोके गेलेच. त्यानं एका पाकळीवरून बोट फिरवलं अन् त्याला रडू फुटलं. घरात तिची लुगडी होती, फोटो होता, पण तिच्या हातचं असं एवढंच उरलेलं. एक तरी पाकळी चेपलेलीच राहू द्या, म्हणून त्यानं बाईंना विनवलं. बाई भल्या. मागच्या अंगाला बसवा म्हणाल्या.

सोळावी त्यानं वेगळी ठेवली, पण कामाच्या ढिगाशेजारीच. तिथंच चुकलं. पन्नास वर्षांची सवय. एकदा हातोडीचा ठेका धरला की हात डोक्याला विचारतो कुठं? पंधरावी झाली, हातानं पुढचा पत्रा उचलला, भट्टीत घातला, ऐरणीवर घेतला. माणिकराव भानावर आला तेव्हा पाकळी लखलखत होती आणि तिच्यावरचा एकूणएक ठोका त्याचा होता.

संध्याकाळी नीलमबाई आल्या, तर हा पाकळी पालथी घालून बारीक छिन्नीनं ठिपका-ठिपका नाव घालत बसलेला. जुनं नाव तर तुमचं होतं ना, असं त्यांनी विचारलं.

"ठोके तिचे व्हते तवा नाव माजं घातलं, ताई," तो मान वर न करता म्हणाला. "आता ठोके माजे हायेत. नाव तरी तिचं ऱ्हाऊ द्या."