किनारा वर असतो

"तळं गेलेलं नाही, बाहेर गेलंय. येईल घरी." राग्ना त्वाइत हे दर हिवाळ्यात म्हणायची आणि लोक हसायचे. लाल नदीचं आमचं खोरं परातीसारखं सपाट. बर्फाच्या काळात हे सगळं एक तळं होतं; त्याची खूण म्हणजे पश्चिमेचा वाळूचा लांब उंचवटा. त्याला आम्ही अजून किनारा म्हणतो. पूर आला की जनावरं किनाऱ्यावर न्यायची.

त्या एप्रिलला बर्फ वितळलं आणि दुपारी नदीचा बांध फुटला. राग्नाच्या चौदा गाई न्यायला ट्रक आला. ड्रायव्हर लॉइड शहरातला, नवखा.

"किनाऱ्यावर ने," राग्ना म्हणाली. ट्रक फाटकाबाहेर पडला आणि पूर्वेला वळला. नदीकडे.

मी तिचा शेजारी; राग्ना माझ्या ट्रॅक्टरवर चढली. "हाण रे, हाण!"

अर्ध्या मैलावर ट्रक चरात कलंडला होता. पाणी चाकांच्या वर. गाई हंबरत होत्या. लॉइड पाय मुरगळून टपावर बसला होता.

"काकू, किनारा म्हणालात, म्हणून नदीवर आलो!"

"अरे शहाण्या, किनारा वर असतो!"

"वर? तिथं पाणी कुठंय?"

"होतं. तुला दहा हजार वर्षं उशीर झाला."

माझा ट्रॅक्टर पाणी पिऊन बंद पडला. राग्नानं ट्रकची मागची फळी पाडली. गाई बर्फाळ पाण्यात उतरल्या आणि गोंधळून नदीच्याच दिशेला वळल्या. किनाऱ्याच्या बाजूला जाऊन राग्नानं ट्रकमधली ओटच्या दाण्यांची बादली खडखडवली.

"दागरोस! ये गं बाई, ये!"

म्हातारी गाय दागरोस थांबली. तिनं मान वळवली.

"मी येतो," मी म्हणालो.

"याच्याजवळ बस. बुडाला तर मलाच बोल लावतील."

रस्ता दिसतच नव्हता, दिसत होती ती दोन बाजूंची कुंपणाची टोकं. कमरेइतक्या पाण्यात, सत्तरीची ती बाई त्यांच्या मधून चालू लागली. मागं दागरोस, मागं तेरा जणी. मी ट्रकच्या टपावरून मोजत होतो. एक गाय घसरली, नाक तेवढं वर राहिलं, मग उठली.

बादलीचा आवाज बारीक झाला. लॉइड एकाएकी म्हणाला, "गुडघे दिसतायत."

खरंच. गाईंचे गुडघे, मग खूर. कुंपणाचे खांब उंच होत गेले. चौदा. राग्नानं मागं पाहिलं नाही, किनारा चढत राहिली. आम्ही दोघं पाहत होतो.