नजरेचं माप

अलमारीच्या वरच्या फळीवरची फाईल काढाले हात वर केला अन् काखेपासून कमरेपर्यंत सदरा फाटला. खर्रकन. सगळ्या हापिसानं आवाज ऐकला. साहेब खुर्चीत रेलून बसला होता. त्यानं माह्याकडे वरून खालून पाहिलं अन् विचारलं, "किसका उतारके पहन लिया बे?"

हापिस हसलं. बाबू लोक हसले, पाणी पाजणारा हसला. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही आंगाची आग होते.

कोणाचा उतरवलेला नव्हता तो सदरा. नवं कापड घेऊन माह्यासाठीच शिवला होता, सौसरच्या बजारातल्या टेलर मास्तराकडून. पण दिसेच तसा. खांद्यावर लोंबे, काखेत काचे, बाह्या मनगटाच्या वर. प्यांट तं सुतळीनं बांधून ठेवावा लागे.

हसून झाल्यावर साहेबानं सांगतलं, पुढच्या सोमवारी छिंदवाड्याहून मोठे साहेब येऊन राहिले. आमच्यासारख्या रोजंदारीच्या पोरायतून कोणाले पक्कं कराचं ते पाहतीन. "ढंग के कपड़े पहनके आना. नहीं तो मत आना."

पक्की नौकरी! माहा बाप संत्र्याच्या पेट्या उचलता उचलता वाकला होता. मीही शाळा सुटली की त्याच्या मागं पेट्या वाहल्या. त्या वझ्यानंच माहा उजवा खांदा खाली बसला. हात लांब, छाती पुढे, पोट पाठीले लागलेलं. असं आंग. ह्या आंगावर बसंल असा एक सदरा अन् एक प्यांट, एवढंच पाहिजे होतं मले. राजाचा पोशाख नव्हतो मांगत.

पांढुर्ण्याले गेलो. तिथं रेडीमेडचं नवं दुकान उघडलं होतं. एकामागून एक सदरे घालून पाहिले. खांदा जमे तं बाही आखूड. बाही पुरे तं आत अजून एक माणूस मावंल एवढा घोळ. दुकानदार घड्या घालून घालून कट्टाळला. म्हणाला, "भाऊ, सदरे तं बराबर आहेत. तुमचं आंगच बराबर नाही."

परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेत माहाच खांदा पाहत आलो. वाटे, कापून फेकून द्यावा हा खांदा. सोमवार जवळ येऊन राहिला होता अन् मले काही सुचत नव्हतं.

मंग उरला आपलाच मास्तर. त्याचा आमच्या मोहल्ल्यात मोठा अभिमान. आमी बौद्ध, पण गावाच्या तोंडात आमचं जुनंच नाव. तरी हा मास्तर आमचे कपडे शिवून दे, अन् माप नजरेनंच घे. दुकानाच्या पायरीखाली उभं करे. "फिर," म्हणे. फिरलो. "हात वर कर." केले. "जाय, झालं." माय कौतुकानं सांगे, "काय नजर आहे बाप्पा त्या मास्तराची! टेपाचं कामच नाही." कपडा बसला नाही की आमी आपल्याच आंगाले नावं ठेवो. बाप म्हणे, आपलं आंगच वाकडं, मास्तर तरी काय करंल. मास्तराले बोल कोणीच लावला नाही.

आमाले तो भर दुपारी बोलवे, दुकानात कोणी नसताना. त्या दिवशी मले घाई होती. मी सकाळीच कापड घेऊन गेलो. दुकानात मोहगावचा एक पाटील उभा होता. पोट सुटलेला, एक खांदा वर, एक खाली. माह्यापेक्षा वाकडा! मास्तरानं गळ्यातला टेप काढला. पाटलाच्या मानेभोवती फिरवला, छातीभोवती फिरवला, काखेत बोटं घालून पाहिली. मंग गुडघे टेकून खाली बसला अन् पायाची लांबी घेतली. "हा खांदा थोडा उतरता ठेवतो मालक. इथं ढिला सोडतो. बसता-उठता काचाचा नाही."

मी पायरीखाली उभा होतो. नजर कायची बाप्पा ती! हा मास्तर इतकी वर्सं आमचे कपडे शिवत होता. आमाले शिवत नव्हता.

पाटील गेला. मास्तर पायरीवर आला अन् म्हणाला, "फिर."

मी फिरलो नाही.

"टेप लावा."

"तुह्यं माप पाठ आहे मले."

"टेप लावा, मास्तर."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकून तं नाही राहिलं. मंग हळूच बोलला, लेकराले समजावल्यासारखं. भांडला असता तं बरं झालं असतं. "असं काय करतं बापू? हाच टेप मंग लोकायच्या गळ्यात घालाचा राहते मले."

लोकायच्या. म्हणजे मी लोकायत नव्हतो.

कापड काखेत मारलं. "मंग नका शिवू," म्हटलं अन् निघालो. पायरी उतराचीही गरज नव्हती, मी खालीच होतो.

सोमवारी तोच फाटका सदरा घालून गेलो. मायनं काखेपासून कमरेपर्यंत टाके घातले होते. पांढऱ्या कपड्यावर काळा धागा, घरात तोच होता. मोठ्या साहेबानं त्या टाक्यायकडे पाहिलं, माह्या कामाचं एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्याले पक्कं केलं. मी बाहेर येऊन भर रस्त्यावर रडलो. घरी माय कपाळाले हात लावून बसली. "अरे, फिरला असता एक चक्कर. काय बिघडलं असतं तुह्यं?"

मी तसाच बजारात गेलो अन् एक टेप घेऊन आलो. बापाले अंगणात उभं केलं. त्याच्या मानेभोवती टेप नेला तसा तो दचकून मागं सरकला. साठीचा माणूस. त्याच्या आंगाले आजपर्यंत टेप लागला नव्हता.

"राहू दे ना बापू," म्हणाला. "नजरेनंच घे."

मी त्याचा दंड घट्ट धरला. म्हटलं, बाबा, हलू नका. अन् टेप लावला. मानेले, छातीले, त्या बसलेल्या खांद्याले.

तवाच ठरवलं. फाटका घालीन, उघडा फिरीन. पण ज्याचा हात माह्या आंगाले लागत नाही, त्याच्या हातचा धागा माह्या आंगाले लागू देणार नाही.