भोपळा घेऊन येणाऱ्या बाई

आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक बाई आहेत. कुणी बाळंतीण घरी आली, की त्या टॉवेलात दुधी भोपळा गुंडाळून हजर होतात आणि बाळाला छातीशी कसं धरायचं, ते त्यावर दाखवतात. भोपळ्याशी बोलतातही. "उपाशी हायस व्हय रं?"

माझी मुलगी चार दिवसांची होती. नुसती रडायची, दूध ओढायची नाही. शेवटी सासूबाईंनी पावडरच्या दुधाचा डबा आणला. तेवढ्यात बाई आल्या. डब्याकडे एकदा पाहून त्यांनी सासूबाईंच्या मांडीवर भोपळा ठेवला. "आक्का, जरा धरा की. मान सांभाळा, लई नाजूक हाय."

सासूबाई डबा बाजूला ठेवून बसल्या.

बाईंनी माझ्या पाठीला उशी लावली, मुलीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. "तू वाकू नगं. तिला जवळ घे. तोंड मोठं उघडू दे."

तिसऱ्या खेपेला तिनं धरलं. गिळल्याचा बारीक आवाज आला आणि मला रडूच फुटलं.

"हळू," सासूबाई भोपळ्याला थोपटत म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

बाई हसल्या नाहीत. "झोपू द्या," म्हणाल्या आणि भोपळा न घेताच गेल्या.