कात्रीचं खरं वय

कल्पना करा, दोऱ्याचं एक टोक तुमच्या दातांत आहे आणि पीळ दिलेला बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत. समोरच्या खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसली आहे. तिच्या भुवईतला नको असलेला एकच केस उपटायचा, शेजारचा ठेवायचा. आणि तुमच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना त्यांच्यात दोरा आहे की नाही हेच कळत नाही.

कात्रीची गेले काही आठवडे हीच गत होती. पार्लर तिचं स्वतःचं. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि आरशाभोवती पिवळे दिवे, कारण पांढऱ्या उजेडात गिऱ्हाईक स्वतःला खरं दिसतं आणि परत येत नाही. कात्री हे नाव तिला पडलं ते हातातल्या नव्हे, तोंडातल्या हत्यारावरून. पन्नाशीच्या कुणी "पस्तिशीची दिसायला हवी हं" म्हटलं, की ही म्हणायची, "दिसाल. फक्त जिना चढू नका."

एका नवरीची अर्धी भुवई उडाली तेव्हा ती डॉक्टरकडे गेली. तोवर घरातल्याच वैद्यांनी निदान उरकलं होतं. सासूबाईंच्या मते अशक्तपणा, नवऱ्याच्या मते मोबाइल. आदल्या वर्षी तिच्या एका डोळ्यापुढे धुकं आलं होतं, तेव्हाही त्याने "चष्मा लागला असेल" म्हणून विषय मिटवला होता. तो विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. कुणाचं खरंच काही दुखतं यावर त्याचा विश्वास नाही.

एमआरआयमध्ये मेंदूत मोजके डाग दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस, अगदी सुरुवातीचा.

"शरीराचीच संरक्षणयंत्रणा मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते," डॉक्टरांनी समजावलं. "आवरण थोडंफार भरून येतं. पण आतला तंतू तुटला तर तुटला. तो तुटताना त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं, न्यूरोफिलामेंट. ते मोजून बघू."

रिपोर्टच्या दिवशी सगळं घर सोबत आलं. रक्ततपासणीच्या अर्जावर वय नवऱ्यानेच भरलं होतं, छत्तीस.

"या वयात असावं त्याहून जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "डाग कमी म्हणून मी सौम्य औषधाचा विचार करत होतो. आता कडकच द्यावं म्हणतो. त्याने प्रतिकारशक्ती उतरते. गर्दी टाळावी लागेल."

"मी दिवसभर लोकांच्या शिंका तोंडावर घेते. म्हणजे दुकान बंद?"

"काही महिने तरी. पण सौम्य औषध पुरं पडलं नाही, तर बोटांचं सांगता येत नाही."

"यात वयाचं काय?"

"वाढत्या वयात निरोगी माणसातही हे वाढतं. म्हणून वयाप्रमाणे मर्यादा ठरवल्यात."

"आणि बाई त्रेचाळीसची असली तर?"

"मग हा आकडा मर्यादेत येईल. पण तुम्ही..."

कात्रीने अर्जावरच्या छत्तीसवर बोट ठेवलं.

"त्रेचाळीस लिहा."

"अगं, गोंधळलीयस तू," नवरा म्हणाला.

"मुळीच नाही. लग्न जुळवताना माझ्या आईने सात वर्षं छाटली. मी पुढे त्याचाच धंदा केला."

सासूबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. "म्हणजे तू माझ्या लेकाहून मोठी?"

"दोन वर्षांनी. आणि आई, तुम्ही म्हणे चोपन्नच्या, लेक एकेचाळीसचा. हिशेब चालू द्या. तुमच्या केसांची मुळं दर महिन्याला मीच रंगवते."

"चौदा वर्षं फसवलंस मला!" नवरा उसळला.

"दावा नामंजूर करा."

डॉक्टरांनी वय खोडलं. "मग आकडा ठीक म्हणायचा. सौम्य औषधाने सुरुवात करू. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त."

"म्हणजे तंतू तुटत नाहीयेत?"

"छातीठोक नाही सांगता येत. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणींत इतकं असतं, एवढंच."

"बऱ्याच जणींच्या भुवया रोज माझ्या हाताखालून जातात, डॉक्टर. एकीची दुसरीला बसत नाही."

दुकान चालू राहिलं. थ्रेडिंग आता मदतनीस मुलगी करते. कात्री फक्त रंग लावते. नवरा तिच्याशी दाव्यात खोट सापडलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलतो, म्हणजे कमी, आणि तिला ते मानवलंय. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. मग एका दुपारी मुळं पांढरी झाल्यावर त्या येऊन खुर्चीत बसल्या आणि पुटपुटल्या, "बाहेर बोलू नकोस."

"वय माझं की तुमचं?"

"दोन्ही."

कात्री ब्रश फिरवत राहिली. दोन बोटांना तो अजूनही लागत नव्हता. तिला इतर बायकांच्या रक्तावरून ठरलेल्या मर्यादेशी घेणंदेणं नव्हतं. तिने डॉक्टरांना निघताना एकच विचारलं होतं आणि त्यांनी, कधी मोजलंच नव्हतं म्हणून, खांदे उडवले होते: ही बोटं धड होती, तेव्हा माझ्या स्वतःच्या रक्तात हे किती होतं?